पांढरीवरचं खापर आणि दिवाणखान्यातला वाघ : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एकेका माणसाने आयुष्यभर जमवलेल्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या गावोगावच्या वस्तुसंग्रहालयांवर लेख होता. त्यावर बरीच पत्रं आली. सारखे वाटणारे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

तेरच्या संग्रहालयाला लामतुरे यांचं नाव आहे. ते पुरातत्त्वज्ञ होते का? उत्खनन न करता नुसत्या वेचून जमवलेल्या वस्तूंना अभ्यासक कितपत किंमत देतात? (एक वाचक, लातूर)

नव्हते. रामलिंगप्पा लामतुरे तेरचेच. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी वर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं नगर म्हणून त्याची नोंद आहे. तेरणेच्या काठची तिथली पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची पांढुरकी माती, एखादा जोराचा पाऊस झाला की धुपते आणि मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मृण्मूर्ती वर येतात. लामतुऱ्यांनी हे सगळं वर्षानुवर्षं वेचलं आणि सांभाळलं. पुढे तो संग्रह शासनाकडे गेला आणि त्यांच्याच नावाने संग्रहालय झालं. गोरोबाकाकांच्या गावात मातीच्या भांड्यांचा इतका मोठा खजिना निघावा, हा योगायोगही मजेशीर आहे.

किमतीचं म्हणाल, तर एकच उदाहरण पुरेल. तेरच्या संग्रहात हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी नातं सांगणारी मूर्ती इटलीत पॉम्पेईला १९३८ मध्ये सापडली. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, त्यामुळे ती मूर्ती त्याआधीचीच, यात वाद नाही. तिसरी मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला १९७३ च्या उत्खननात, थराची नोंद होऊन मिळाली. या तिघींपैकी तेरच्या मूर्तीला स्वतःची तारीख नाही, कारण ती कोणत्या थरातून आली हे कुणी टिपलेलं नाही. तिचा काळ आपण बाकीच्या दोघींवरून ठरवतो. कारागिरी, साहित्य, व्यापाराचे दुवे, एखादी वस्तू कुठवर पोचली होती, हे सांगायला वेचलेला संग्रह उत्तम. कालक्रम सांगायला मात्र तो उसन्या आधारावर उभा असतो. तेरला १९५८ साली शास्त्रीय उत्खनन झालं, तेव्हा खापरांचे प्रकार थरांनुसार लावता आले आणि त्या मापाने लामतुऱ्यांच्या संग्रहातल्या अनेक वस्तू नव्याने वाचता आल्या. म्हणजे संग्राहक आणि उत्खनक एकमेकांचे वैरी नाहीत. पहिल्याने वस्तू कुठून उचलली एवढं लिहून ठेवलं असेल, तर दुसऱ्याचं अर्धं काम होतं.

वडिलांच्या संग्रहात शिंपले, पक्ष्यांची जुनी अंडी आणि सातवाहनकालीन नाणी आहेत. सगळं लाकडी कपाटात, कप्प्याकप्प्यांच्या पेट्यांत आहे. शिंपल्यांवर पांढरी पूड येते आहे आणि काही नाणीही पांढरी पडून फुगली आहेत. बुरशी आहे का? पुसून टाकली तर चालेल का? (वाचक, सातारा)

बुरशी नाही, आणि पुसू नका. दोन्हीकडचा गुन्हेगार बहुतेक एकच आहे : तुमचं कपाट. लाकडातून, त्याहून जास्त प्लायवूड आणि दाबलेल्या भुशाच्या फळ्यांतून, ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ वर्षानुवर्षं निघत राहते. बंद कप्प्यात ती साठते. शिंपला आणि अंड्याचं कवच हे दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाशी संयोग होऊन त्यावर क्षारांची पांढरी लव उगवते. पूर्वी लोक याला शिंपल्यांचा ‘रोग’ म्हणत, पण तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. सगळे एकाच पेटीत असतात म्हणून सगळेच बिघडतात, इतकंच.

नाण्यांचं प्रकरण जास्त गंभीर आहे. सातवाहनांची बरीच नाणी शिशाची आहेत. तांबं, चांदी लाकडी पेटीत बरीच वर्षं तग धरतात. शिसं धरत नाही. आम्लाच्या वाफेने त्याचं पांढऱ्या कार्बोनेटात रूपांतर होतं, आकारमान वाढतं आणि वरची छाप सोलून निघते. ती पूड म्हणजे शिशाचं संयुग, विषारी. फुंकर मारू नका, ब्रशने झाडू नका.

आज करायचं ते असं. नायट्राइलचे हातमोजे आणि मास्क घाला. नाणी एकेक करून पॉलिथिनच्या छोट्या पाकिटांत किंवा काचेच्या झाकणाच्या बाटल्यांत घाला. पीव्हीसीचे मऊ, वास येणारे अल्बम नकोत, त्यातून क्लोरीनयुक्त वाफ निघते. लाकडी पेट्या, मखमल, लोकरीचं कापड, साधा पुठ्ठा हे सगळं बाद. पावडर कोटिंग केलेलं पोलादी कपाट चांगलं, पण नवं असेल तर रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत महिनाभर उघडं ठेवून मग वापरा. शिंपल्यांना एकदा साध्या शुद्ध पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवता येतं. अंडी धुऊ नका.

तांब्याच्या नाण्यांवर फिकट हिरवी, चिमटीत भुगा होणारी ठिपक्यांची पूड दिसली तर ते तिसरं दुखणं : मातीतल्या क्लोराइडमुळे होणारी गंज, जी दमट हवेत आतून खात जाते. तिला चिंच, लिंबू, पितांबरी यांनी चमकवणं म्हणजे आगीत तेल. ती नाणी कोरडी ठेवा, आर्द्रता ३५ ते ४० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. घट्ट झाकणाच्या १० लिटरच्या डब्याला सुमारे २०० ग्रॅम सिलिका जेल लागतं. रंग बदलला की ते ११०–१२० अंशांवर दोन-तीन तास भाजून पुन्हा वापरता येतं. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं संयुग असतं, म्हणून नारिंगी दाणे घ्या. शिशाच्या नाण्यांचा उपचार मात्र घरी होत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा.

आमच्या गावातल्या एका गुरुजींनी ४० वर्षं जमवलेला संग्रह ग्रामपंचायतीने ताब्यात घेतला आहे : खापरं, दगडी हत्यारं, जीवाश्म, लाकडाचे दगड झालेले तुकडे, फुलपाखरांच्या पेट्या. गुरुजी हयात आहेत पण थकले आहेत. नोंदवही कशी करावी? सुरुवात कुठून? (वाचक, चंद्रपूर जिल्हा)

सुरुवात गुरुजींपासून. नोंदवही नंतर.

कपाट हलवण्याआधी फोटो काढा : पूर्ण कपाट, प्रत्येक खण, प्रत्येक पेटी झाकणासह आणि झाकणाशिवाय. कोणती वस्तू कुणाच्या शेजारी होती ही माहिती आहे; एका डब्यातल्या वस्तू बहुतेक एका फेरीतल्या असतात. मग रोज तासभर, एक खण गुरुजींसमोर ठेवून त्यांना बोलतं करा आणि फोनवर आवाज टिपा. ‘हे कुठलं?’ असं विचारलं तर ते गावाचं नाव सांगतील. ‘तिथे कसे गेलात, बरोबर कोण होतं, ओढ्याच्या कुठल्या अंगाला?’ असं विचारलं तर जागा कळेल. जमत असेल तर दोन-तीन महत्त्वाच्या ठिकाणी त्यांना गाडीने घेऊन जा.

काहीही फेकू नका. काडेपेटी, आंतरदेशीय पत्राचा तुकडा, बांधलेलं वर्तमानपत्र, सगळं ठेवा. वर्तमानपत्रावर तारीख असते, आणि त्या तारखेआधी ती पुडी बांधलेली नसते, एवढं तर नक्की कळतं. उत्साही कार्यकर्ते जुन्या मळक्या चिठ्ठ्या काढून छान टाइप केलेल्या लावतात. संग्रहाचं सर्वांत मोठं नुकसान वाळवीने नव्हे, या स्वच्छतेने होतं.

आता नोंदवही. जाड बांधणीची, पानांवर छापील क्रमांक असलेली, काळ्या टिकाऊ शाईने लिहिलेली. संगणकावरची प्रत हवीच, पण मूळ ही. क्रमांकाची पद्धत साधी ठेवा : दाखल केल्याचं वर्ष, त्या वर्षातला गट, गटातली वस्तू. २०२५.३.१७ म्हणजे २०२५ साली आलेल्या तिसऱ्या गटातली १७ वी वस्तू. एकदा दिलेला क्रमांक वस्तू हरवली तरी दुसरीला द्यायचा नाही. एका जागेची साधी खापरं गठ्ठ्याने एका क्रमांकावर घ्या, किती ते मोजून लिहा. काठ, तोटी, नक्षी असलेल्यांना स्वतंत्र क्रमांक द्या.

रकाने कितीही करा, दोन मात्र वेगळे हवेत. एकात जुन्या चिठ्ठीवरचा मजकूर जसाच्या तसा, चुकांसकट. दुसऱ्यात तुमचं वाचन, आणि ते कुणी, कधी केलं. हे एकत्र केलं की २० वर्षांनी गुरुजी काय म्हणाले आणि तुम्ही काय समजलात हे वेगळं काढता येत नाही.

जुन्या चिठ्ठ्यांवरच्या जिल्ह्यांनी बरेच जण फसतात. तुमच्याच भागात ‘सिरोंचा, जि. चांदा’ किंवा ‘जि. चंद्रपूर’ असं दिसेल. सिरोंचा आज ज्यात आहे तो गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. ‘ता. लातूर, जि. उस्मानाबाद’ ही चिठ्ठी साधारण १९८२ च्या आधीची, ‘जालना, जि. औरंगाबाद’ ही १९८१ च्या आधीची, ‘सावंतवाडी, जि. रत्नागिरी’ तीही तशीच. चिठ्ठीचा काळ लावायला हे उपयोगी आहे, पण फार ताणू नका. लोक जुना जिल्हा सवयीने पुढे कित्येक वर्षं लिहीत राहतात. याहून मोठा खड्डा म्हणजे धरणं. जायकवाडी, उजनी, कोयनेच्या पाण्याखाली गेलेली गावं त्याच नावाने दुसरीकडे वसली. आजच्या नकाशातून त्या नावाचे अक्षांश-रेखांश उतरवून घेतले, तर १९६० साली वेचलेलं खापर पुनर्वसित वसाहतीत सापडलं असं नोंदलं जाईल. अक्षांश लिहिताना ते जागेवर घेतले की नकाशावरून, हे शेजारी लिहा.

वस्तूवर क्रमांक टाकण्यासाठी पॅरालॉइड बी-७२ हे राळेसारखं द्रव्य वापरतात, कारण ते पिवळं पडत नाही आणि पुढे ॲसिटोनने काढता येतं. नखांचं पॉलिश वापरू नका, ते पिवळं पडून सोलतं. १०० मिलिलिटर ॲसिटोनला पॅरालॉइडचे २० ग्रॅम दाणे पातळ सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून बाटलीत लटकवा. तळाशी टाकले तर चिकट गोळा होऊन बसतो. साधारण दिवसभरात विरघळतं. या द्रावणाचा २ सेंटिमीटर लांब आणि ४ मिलिमीटर रुंद पट्टा वस्तूवर लावा, १५ मिनिटं वाळू द्या, जलरोधक रंगद्रव्याच्या शाईने क्रमांक लिहा, वर पातळ केलेल्या द्रावणाचा हात फिरवा. एकदाच फिरवायचा, ब्रश मागेपुढे केला की खालचा थर सुटून अक्षरं पसरतात. हे काम पावसाळ्यात करू नका. ॲसिटोन उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि पट्टा दुधाळ होतो. खापराच्या आतल्या बाजूला लिहा. तुटलेल्या कडेवर कधीच नाही, कारण पुढे तुकडे जुळवताना तीच कड लागते. नाण्यांवर, पिसांवर, ठिसूळ हाडांवर काहीच लिहायचं नसतं, क्रमांक पाकिटावर किंवा बांधलेल्या चिठ्ठीवर. फुलपाखराची चिठ्ठी त्याच टाचणीत, त्याच्या खाली.

जीवाश्मांना चिकटलेली माती किंवा दगडाचा तुकडा खरवडून ‘स्वच्छ’ करू नका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या डायनोसॉरकालीन विष्ठेच्या गोळ्यांत २००५ साली गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडले आणि डायनोसॉरांच्या काळात गवत होतं हे सिद्ध झालं. दिसायला ते गोळे अगदीच सामान्य. कुणी ते धुऊन, वार्निश लावून कपाटात मांडले असते, तर हा अभ्यास अवघड होऊन बसला असता.

आजोबांच्या दिवाणखान्यात पेंढा भरलेला वाघ आणि बिबट्याचं डोकं आहे. केस गळतात, कानांच्या मागे पांढरी भुकटी दिसते. गावच्या संग्रहालयाला द्यायचा विचार आहे. (वाचक, कोल्हापूर)

दोन गोष्टी : विष आणि कायदा. विष आधी. १९७० च्या दशकापर्यंत, कुठे कुठे त्यानंतरही, प्राण्यांच्या कातडीला आतून आर्सेनिकयुक्त साबण किंवा पूड चोळत, म्हणजे कसर लागू नये. मैसूरच्या व्हॅन इंजेन यांच्यासारख्या नामांकित कारखान्यांपासून स्थानिक कारागिरांपर्यंत सगळीकडे विषारी द्रव्यं वापरली जात. आर्सेनिक उडून जात नाही, १०० वर्षांनीही तिथेच असतं. कान, डोळ्यांच्या कडा, शिवण आणि पंजांजवळ पांढरे कण दिसले तर ते आर्सेनिकच समजून वागा. हातमोजे, एन-९५ मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा जो नंतर वेगळा धुवायचा. वाघाला झाडू, फडकं, घरचा व्हॅक्यूम काहीही लावू नका. खाली जमिनीवर पडलेली धूळ ओल्या फडक्याने टिपून फडकं पिशवीत बंद करून टाकून द्या. मुलांना हात लावू देऊ नका. प्रदर्शनात ठेवायचं तर बंद काचपेटीत, आणि नोंदवहीत ‘आर्सेनिक असण्याची शक्यता’ हे लाल शाईने.

आर्सेनिक असूनही किडे लागतात, विशेषतः जिथे ते नीट पोचलेलं नसतं. छोट्या भुंग्याची केसाळ अळी पिसं आणि केस मुळाशी कुरतडते. खाली भुशासारखी पूड आणि टाकलेल्या काती दिसतात. डांबर गोळ्या तिला मारत नाहीत, फार तर दूर ठेवतात. त्यांची वाफ वस्तूवर पुन्हा स्फटिक होऊन बसते, थर्मोकोल आणि प्लॅस्टिकचे डबे मऊ करते आणि खोलीत बसणाऱ्याच्या फुप्फुसात जाते. लहान पक्षी, किड्यांच्या पेट्या यांना गोठवणं हा खरा उपाय आहे. दुहेरी पॉलिथिन पिशवीत, शक्य तितकी हवा काढून, चिकटपट्टीने बंद करा. उणे २० अंशांवर आठवडाभर, घरगुती फ्रीझर असेल तर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर बाहेरचं दव वस्तूवरच जमेल. वाघाएवढ्या नगाला, आणि दात-शिंगं असलेल्या डोक्यांना, हे घरी करू नका. मोठे सुळे तडकतात.

कायद्याचं सरळ आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार अशा वस्तूला मालकी प्रमाणपत्र लागतं. वारसाने मिळाली असेल तर वारसा लागल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणा करावी लागते. विक्री पूर्णपणे बंद आहे. प्रमाणपत्र आहे पण वस्तू नको, तर २०२२ च्या दुरुस्तीनुसार सात कामकाजाच्या दिवसांची नोटीस देऊन ती मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जमा करता येते. मोबदला मिळत नाही. गावच्या संग्रहालयाला देणं हे तुम्ही आणि सरपंचांनी आपापसात ठरवण्यासारखं नाही. आधी वनविभागाची लेखी परवानगी, मग वाहतूक. प्रमाणपत्रच नसेल तर वाघ जागचा हलवू नका आणि आधी वकिलाशी बोला.

कोकणातल्या वाचकांसाठी एक जोड : प्रवाळ, समुद्रपंखा, राक्षसी शिंपला, समुद्री घोडा आणि काही मोठे शंखही याच कायद्याखाली संरक्षित आहेत. किनाऱ्यावर वाहून आलेला तुकडा ‘सापडला’ म्हणून तो आपला होत नाही.

शेत नांगरताना नाण्यांचं गाडगं लागलं तर? आणि नुसती खापरं वेचली तर गुन्हा का? (दोन वाचक, बीड आणि नाशिक)

गाडग्याला १८७८ चा निखात निधी कायदा लागतो. जमिनीत लपलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची कोणतीही वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं : काय, किती, कुठे, कोणत्या तारखेला. दहा रुपयांची मर्यादा १८७८ ची आहे, त्यामुळे आज सगळंच तिच्यात येतं. दावेदार नसेल आणि सापडणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचं, एक चतुर्थांश जमीनमालकाचं. शासनाला निधी हवा असेल तर जिल्हाधिकारी धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन तो घेऊ शकतात. लपवलं तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. व्यवहारात बिघडतं ते वेगळंच : चार जणांत नाणी वाटली जातात, गाडगं फोडून फेकलं जातं. गाडगं आणि त्याची जागा नाण्यांइतकीच मोलाची. नांगर थांबवा, खड्डा झाका, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, शेताचा गट क्रमांक लिहा, तलाठ्यामार्फत तहसीलदारांना आणि लेखी जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.

खापरांचं म्हणाल तर संरक्षित स्थळावरून काहीही उचलू नये. स्वतःच्या शेतातलं एखादं खापर हा वेगळा मामला. पण खणू नका. दगड, धातू, मृत्तिका, हस्तिदंत यांच्या १०० वर्षांहून जुन्या मूर्ती घरी असतील तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे फोटोसह नोंद करावी लागते, आणि मालकी बदलली तर कळवावं लागतं. नाण्यांना ही नोंदणी नाही. खासगी व्यक्तीला यातलं काहीही देशाबाहेर पाठवता येत नाही.

खाणीत मिळालेले स्फटिक धुवायचे कसे? (वाचक, पुणे)

आधी ओळखा. सह्याद्रीच्या काळ्या दगडातल्या पोकळ्यांत मिळणारे स्टिल्बाइट आणि अपोफिलाइट कोमट नव्हे तर खोलीच्याच तापमानाच्या पाण्याने, मऊ ब्रशने धुता येतात. गरम पाण्याने अपोफिलाइट पदरांवर फुटतो. पांढऱ्या कापसाच्या गोळ्यासारखा ओकेनाइट भिजवू नका. तंतू एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत. आम्ल कुठेच नको : कॅल्साइट विरघळतो, स्कोलेसाइटचा तर चिकट लगदा होतो. लोमोंटाइट कोरड्या हवेत स्वतःतलं पाणी सोडून आपोआप भुगा होतो, त्यात तुमची चूक नाही. या सगळ्यांचे चांगले नमुने पाहायचे तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय आहे, तेही के. सी. पांडे या एका संग्राहकाच्या छंदातूनच उभं राहिलं.

बाटल्यांतले साप-बेडूक : पातळी खाली गेली की स्पिरिट ओतत राहायचं का? (वाचक, शाळेची प्रयोगशाळा, जळगाव)

नाही. पाण्यापेक्षा अल्कोहोल लवकर उडतं. म्हणजे पातळी खाली जाते तेव्हा उरलेलं द्रावण ७० टक्के नसतं, ५० किंवा ४० झालेलं असतं. त्यात ७० टक्क्यांचं ओतलं तरी ते पातळच राहतं आणि नमुना हळूहळू सडतो. अल्कोहोलमापकाने तीव्रता मोजा. ६० च्या खाली असेल तर सगळं द्रावण बदला. एक लिटर ७० टक्के करायला ९५ टक्क्यांचं ७३७ मिलिलिटर घ्या आणि पाण्याने एक लिटरपर्यंत भरा. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर तेच खरं कारण, आधी ते बदला. जुन्या फॉर्मेलिनच्या बाटल्या बंद खोलीत उघडू नका. फॉर्मेलिन कालांतराने आम्लधर्मी होऊन हाडं मऊ करतं, म्हणून बेडूक रबरासारखा झालेला दिसतो. चिठ्ठी बाटलीच्या आत, सुती कागदावर, पेन्सिलने. बॉलपेनची शाई एका आठवड्यात विरघळते. शुद्ध अल्कोहोल बाळगायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो.

नागपूरच्या अजब बंगल्यात (मध्यवर्ती संग्रहालयात) हिस्लॉप यांचे जीवाश्म पाहायला गेलो, पण मुख्य नमुने लंडनला आहेत असं कळलं. असं का? (वाचक, वर्धा)

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले. आसपासच्या खडकांतून त्यांनी आणि रॉबर्ट हंटर यांनी वनस्पती, शिंपले, किडे यांचे जीवाश्म गोळा केले आणि १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लिहिलं. नागपुरात त्या वेळी संग्रहालयच नव्हतं, आणि नमुने ओळखणारे तज्ज्ञ लंडनमध्ये होते. मांगलीच्या उभयचराच्या कवटीचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी केलं, ब्रॅकिऑप्स हे नाव दिलं. सोसायटीने आपलं संग्रहालय १९११ मध्ये बंद केलं, तेव्हा तिच्याकडचे परदेशी नमुने तिथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे गेले.

अजब बंगला सुरू झाला १८६३ मध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडून गेले. पुरातत्त्व आणि भूशास्त्र या दोन्हींवर एकाच माणसाची नजर होती, तेव्हा ते वेगळे विषय नव्हतेच. संग्रह फुटण्याचं याहून ठळक उदाहरण पाहायचं तर गुंगेरियाचं घ्या. १८७० मध्ये बालाघाट जिल्ह्यात तांब्याच्या ४२४ आणि चांदीच्या १०२ वस्तू एकत्र सापडल्या. आज त्यातल्या काही नागपुरात आहेत, काही ब्रिटिश म्युझियममध्ये.

शाळेत दोन काचपेट्या करतो आहोत. एक खिडकीजवळ, एक आतल्या भिंतीला. कशात काय ठेवावं? (मुख्याध्यापक, धाराशिव जिल्हा)

खिडकीजवळ दगड, खापरं आणि जीवाश्म. फक्त जांभळा ॲमेथिस्ट तिथे नको, त्याचा रंग उन्हाने उतरतो. फुलपाखरं, पिसं, वनस्पतींचे कागद, जुनी कापडं आतल्या भिंतीला, ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाचं माप) जास्त प्रकाश नको. रोज आठ तास ५० लक्स म्हणजे ४०० लक्स-तास. थेट उन्हाचा ५०,००० लक्सचा एक तास म्हणजे अशा १२५ दिवसांचा प्रकाश एका दुपारी. दिव्याची पट्टी एलईडी असू द्या, पण तिचा ट्रान्सफॉर्मर पेटीबाहेर बसवा, नाहीतर रात्री-दिवसाच्या तापमानातल्या फरकाने आत दमट-कोरडं होत राहील. भिंतीपासून पेटी १५ सेंटिमीटर पुढे घ्या, जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीतली ओल मागच्या फळीला भिडते. आत एक आर्द्रतामापक ठेवा. काटा ६५ च्या वर गेला की बुरशीची तयारी सुरू झाली समजा, आणि त्या दिवशी ‘हवा लागू दे’ म्हणून पेटी उघडून ठेवू नका, बाहेरची हवा आतल्याहून दमट असते.